वाचकांचे प्रश्न : बंदर गाठण्याचा दिवस

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे क्रूझसंबंधी आहेत, आणि गंमत अशी की जहाजावर काय करावे हे त्यांत जवळजवळ कोणीच विचारलेले नाही. सर्वांची काळजी घरातून निघून जहाजाच्या धक्क्यापर्यंत पोहोचण्याची आहे. ती काळजी योग्य जागी आहे, म्हणून या वेळी फक्त त्याच दिवसाविषयीची पत्रे घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघांनी (वय ६८ व ६४) सिंगापूरहून १७ जानेवारीला निघणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझचे आरक्षण केले आहे. जहाज संध्याकाळी पाचला सुटते. मुंबईहून १६ तारखेच्या रात्रीचे विमान घेतले तर १७ ला सकाळी आठच्या आत पोहोचतो आणि हॉटेलचा एक दिवस वाचतो. मुलगा म्हणतो, एक दिवस आधी जा. शिवाय दिल्लीमार्गे तिकीट बरेच स्वस्त मिळत आहे. काय करावे?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

मुलाचे ऐकावे. आपल्या हिशेबात कागदावर नऊ तास हाती राहतात, पण प्रत्यक्षात ते तेवढे नसतात. जहाज पाचला सुटते याचा अर्थ प्रवाशांची नोंदणी त्याच्या साधारण तास-दीड तास आधी बंद होते, कारण प्रवाशांची अंतिम यादी सुटण्यापूर्वी बंदराच्या अधिकाऱ्यांकडे द्यावी लागते. त्यानंतर धक्का सोडण्याची वेळ, बंदरातून बाहेर काढणारा पायलट, पुढच्या बंदरातील धक्क्याची वेळ हे सारे एकमेकांत गुंतलेले असते. विमान चुकले तर दुसरे विमान असते, एसटी चुकली तर पुढची एसटी असते. जहाज चुकले तर मात्र त्याच्या मागे पेनांग किंवा फुकेतला स्वखर्चाने विमानाने जावे लागते, तेही कंपनीने परवानगी दिली आणि त्या देशात उतरण्याचे कागद हाती असले तरच. चार रात्रींच्या सहलीत हे करून हाती उरणार काय?

मुंबई ते सिंगापूर हा थेट प्रवास साधारण साडेपाच तासांचा आहे आणि तिकडचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. रात्री साडेअकराला निघालेले विमान आपल्या शरीराच्या दृष्टीने पहाटे पाचला उतरते, तेव्हा तिथे साडेसात वाजलेले असतात. म्हणजे झोप झालेली नसते, हॉटेल नसते, आणि जहाजावरची खोली दुपारी मिळणार असते. पासष्टीच्या आसपासच्या माणसांनी पहिला दिवस असा घालवावा असे मला वाटत नाही, उशिराचा धोका बाजूला ठेवला तरीही. म्हणून १५ तारखेच्या रात्री निघावे, १६ ला सकाळी उतरून हॉटेलात सामान ठेवावे, रात्रभर झोपावे आणि १७ ला न्याहारी करून सावकाश धक्क्यावर जावे. संक्रांत १४ ला घरी करून निघता येईल. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत करता येते, त्यामुळे वहिनींची तक्रार राहणार नाही.

आता दिल्लीचे. जानेवारीत दिल्लीमार्गे जाऊ नये, असे मी कोणालाही स्पष्ट सांगतो. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारी संपेपर्यंत तिथे पहाटे दाट धुके पडते. विमानतळावर कमी दृश्यमानतेत विमान उतरवण्याची यंत्रणा आहे, पण त्यासाठी विमानही तसे सज्ज असावे लागते आणि वैमानिकही तसा प्रशिक्षित असावा लागतो. शिवाय दोन विमानांमधले अंतर वाढवावे लागत असल्याने रांग लांबतच जाते. आपले मुंबईचे विमान मग दिल्ली मोकळी होईपर्यंत मुंबईतच उभे राहते. याउलट सिंगापूरहून आलेले जे विमान मुंबईत प्रवासी उतरवून लगेच परत फिरते, त्याचा दिल्लीच्या धुक्याशी थेट संबंध येत नाही. थेट तिकिटाचे जादा पैसे हे याच गोष्टीचे आहेत.

थेट तिकीट मिळालेच नाही तर चेन्नईमार्गे जाणे त्यातल्या त्यात बरे. बंगळूरलाही हिवाळ्यात पहाटेचे धुके असते. आपल्या तारखा तीन दिवस अलीकडच्या असत्या तर मात्र मी चेन्नईलाही नको म्हटले असते, कारण भोगीच्या पहाटे तिथे जुन्या वस्तूंच्या होळ्या पेटतात आणि त्या धुराने विमाने दुसरीकडे वळवावी लागल्याचे २०१८ मध्ये घडले आहे. मार्ग कोणताही असो, दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर असले पाहिजेत. वेगवेगळी घेतलेली दोन स्वस्त तिकिटे असतील तर पहिल्या विमानाच्या उशिराशी दुसऱ्या कंपनीला काही देणेघेणे नसते.

पुण्याहून निघण्याचा हिशेबही उलटा मांडावा. साडेअकराच्या विमानासाठी साडेआठला टर्मिनल दोनवर असायला हवे. एक्सप्रेस वे फक्त ९४.५ किलोमीटरचा असला तरी खंडाळ्याच्या घाटात एखादा कंटेनर आडवा झाला की दोन तास सहज जातात. वाशीचा पूल, चेंबूर आणि तिथून सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता हा टप्पा संध्याकाळच्या गर्दीत सापडतो. म्हणून कोथरूडहून दुपारी दोनला निघावे. विमानतळावर दोन तास बसून राहावे लागले तर बसावे.

एक गोष्ट आता नव्याने सांगावी लागते. नवी मुंबईचे विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालेले आहे, त्यामुळे तिकिटावर ‘मुंबई’ एवढेच वाचून गाडीत बसू नये. जुन्या विमानतळाचा संकेत बीओएम आणि नव्याचा एनएमआय. मुंबईतूनच एखादा देशांतर्गत टप्पा असेल तर तो कुठून सुटतो हे ड्रायव्हरला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे.

प्रश्न : आमच्या विमानाच्या तिकिटावर ‘१० जानेवारी, ००.४०’ असे आहे. आम्ही १० तारखेला रात्री जेवून निघायचे ना?
— एक वाचक, ठाणे

नाही. आपण ९ तारखेला संध्याकाळी निघायचे आहे. रात्रीचे बारा वाजले की तारीख बदलते, आणि ००.४० म्हणजे १० तारीख सुरू होऊन चाळीस मिनिटे झालेली असतात. आमच्या सोसायटीतील एक सुशिक्षित जोडपे बरोबर चोवीस तास उशिरा विमानतळावर पोहोचले होते. दारावरच्या जवानाने तिकीट हातात घेतले, उलटे करून पाहिले आणि अतिशय शांतपणे त्यांना सांगितले की हे विमान काल गेले. आपण घरातल्या कॅलेंडरवर ९ तारखेच्या चौकटीत लाल शाईने ‘आज रात्री विमान’ असे लिहून ठेवावे, आणि हॉटेलचे आरक्षण उतरण्याच्या तारखेचे आहे ना, तेही पाहावे.

प्रश्न : सिंगापूरचा व्हिसा एकदा काढला की पुरते का? मैत्रीण म्हणते जहाजाला व्हिसा लागत नाही.
— निवृत्त शिक्षिका, नाशिक

जहाजाला लागत नसेल, पण आपल्याला लागतो. भारतीय पारपत्रावर सिंगापूरला पर्यटनासाठी व्हिसा आवश्यक आहे आणि तो मान्यताप्राप्त एजंटांमार्फत काढता येतो. इथे नीट पाहण्याची जागा एकच : तो एकाहून अधिक प्रवेशांचा असावा. विमानाने उतरलात हा पहिला प्रवेश. जहाज मलेशिया किंवा थायलंडला जाऊन परत आले की आपण पुन्हा सिंगापुरात शिरता, तो दुसरा. व्हिसाच्या छापील प्रतीवर ‘मल्टिपल’ हा शब्द आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे. एजंटाच्या तोंडी आश्वासनावर राहू नये. पारपत्राची मुदत प्रवेशाच्या दिवसापासून किमान सहा महिने उरलेली असावी.

याशिवाय सिंगापूरचे आगमनपत्र संगणकावर भरावे लागते. ते उतरण्याच्या आधीच्या तीन दिवसांतच भरता येते आणि सरकारी संकेतस्थळावर त्याला काहीही शुल्क नाही. त्यासाठी पैसे मागणारी जागा उघडली असेल तर ती चुकीची आहे असे समजावे. मलेशिया आणि थायलंड यांचीही अशी स्वतंत्र आगमनपत्रे आहेत. क्रूझच्या प्रवाशांनी त्यांपैकी काय भरायचे हे कंपनी आपल्या पत्रात कळवते. ते पत्र लांबलचक असते, पण ते वाचावे. परत येताना सिंगापूरचे आगमनपत्र पुन्हा भरण्याची तयारी ठेवावी.

पारपत्राच्या पहिल्या व शेवटच्या पानाची आणि व्हिसाची छायाप्रत वेगळ्या पिशवीत ठेवावी. काही जहाजांवर चढतानाच पारपत्र जमा करून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. तसे झाले तर घाबरू नये, मात्र पावती सांभाळावी.

टॅक्सीत बसण्यापूर्वी आणखी एक शब्द तपासावा. सिंगापुरात क्रूझची दोन ठिकाणे आहेत : २०१२ मध्ये सुरू झालेले मरीना बे क्रूझ सेंटर, आणि हार्बरफ्रंट येथील जुने सिंगापूर क्रूझ सेंटर. दोन्ही नावांत ‘क्रूझ सेंटर’ आहे आणि गोंधळ तिथेच होतो. सामान हलके असेल तर पहिल्यासाठी मेट्रोचे मरीना साउथ पिअर आणि दुसऱ्यासाठी हार्बरफ्रंट स्थानक सोयीचे पडते.

प्रश्न : थंडीचे दिवस असल्याने मी डिंकाचे लाडू, घरचा गोडा मसाला आणि तिळगूळ बरोबर नेणार आहे. यजमानांना खोकल्याचे औषध नेहमी लागते. विमानात चालेल ना?
— एक वाचक, सातारा

विमानात चालेल की नाही हा प्रश्न दुसरा आहे. आधी सिंगापुरात चालेल का हे पाहिले पाहिजे. आपल्या डिंकाच्या लाडवांत खसखस असते, आणि बऱ्याच घरांच्या गोड्या मसाल्यातही ती भाजून घालतात. खसखस अफूच्या बोंडातून येते, आणि सिंगापूरमध्ये ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली निषिद्ध आहे. दुबई-अबुधाबीहून क्रूझ घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे, तिथला कायदाही तितकाच कडक आहे. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात पुडीत बांधून मिळणारी वस्तू तिकडे गुन्ह्याचे कारण होते, हे कोणालाही पटकन पटत नाही. माझ्या वहिनींनाही पटले नव्हते. शेवटी त्यांनी खारीक, खोबरे, डिंक आणि मेथी घालून, खसखस वगळून वेगळा घाणा केला, स्टीलच्या डब्याला चिकटपट्टीने कागद लावला आणि त्यावर ‘बिनखसखशीचे’ असे मराठीत लिहिले, जणू चांगी विमानतळावरचा अधिकारी ते वाचणार होता. लाडू उत्तम झाले होते.

तिळगुळाला हरकत नाही, फक्त हलव्याचे दागिने वगैरे नाजूक वस्तू मोठ्या बॅगेत टाकू नयेत. मात्र हे सारे जहाजावर नेता येईल असे गृहीत धरू नये. बहुतेक कंपन्या घरचे शिजवलेले अन्न चढू देत नाहीत, कोरडा बंद खाऊ मात्र सहसा चालतो. इस्त्री, पाणी तापवायची किटली आणि एक्स्टेन्शन बोर्ड धक्क्यावरच काढून घेतले जातात. च्युइंग गम, गुटखा, तंबाखूची पुडी आणि ई-सिगारेट यांपैकी काही यजमानांच्या खिशात असेल तर ते सातारलाच ठेवावे.

औषधाच्या बाटलीवरील घटक वाचावेत. त्यात कोडीन असेल तर सिंगापुरात नेण्यास तिथल्या आरोग्य विभागाची पूर्वपरवानगी लागते; झोपेच्या काही गोळ्यांचेही तसेच आहे. डॉक्टरांकडून कोडीन नसलेले औषध लिहून घेणे सर्वांत सोपे. नेहमीच्या गोळ्या मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत ठेवाव्यात, आणि पॉवर बँकही हातातच असावी. ती मोठ्या सामानात टाकण्यास विमान कंपन्यांची मनाई आहे.

प्रश्न : माझे आईवडील व्हिजिटर व्हिसावर आमच्याकडे आले आहेत, दोघांचे पारपत्र भारतीय आहे आणि अमेरिकेचा व्हिसाही आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी आम्ही चौघे फोर्ट लॉडरडेलहून बहामा व मेक्सिकोला जाणारी सात रात्रींची क्रूझ घेत आहोत. विमान त्याच दिवशी सकाळी सहाचे, जहाज दुपारी चारचे. बफेलोहून गेलो तर तिकिटे स्वस्त पडतात. आईची मुख्य चिंता कोटांची आहे.
— एक वाचक, टोरोंटो

आईंचा प्रश्न शेवटी घेतो, कारण त्याचे उत्तर सोपे आहे.

त्याच दिवशीचे विमान हिवाळ्यात कॅनडातून घेऊ नये, हे वर कोथरूडच्या वाचकांना सांगितले त्याहून अधिक ठामपणे आपल्याला सांगतो. सकाळी सहाचे विमान रात्रभर थंडीत उभे असते आणि त्याच्या पंखांवर दव गोठलेले असते. पंखावरचा बर्फाचा पातळ थरही हवेचा प्रवाह बिघडवून उचल कमी करतो, म्हणून तो काढल्याशिवाय वैमानिक निघत नाही. आधी तापवलेल्या नारिंगी द्रवाने बर्फ धुतात, आणि हिमवर्षाव चालू असेल तर वरून दाट हिरवा द्रव फवारतात, जो पुढचा बर्फ काही वेळ चिकटू देत नाही. ‘काही वेळ’ यातच सारी गोम आहे : धावपट्टीच्या रांगेत ती मुदत उलटली तर विमान परत फिरून पुन्हा फवारणीला जाते. टोरोंटोच्या पिअर्सन विमानतळावरचे फवारणी केंद्र जगातल्या मोठ्या केंद्रांपैकी एक आहे, पण वादळाच्या सकाळी रांग त्यालाही लागते. खिडकीत बसलेल्या वडिलांना काचेवरून हिरवे ओघळ उतरताना दिसतील, तेव्हा ती गळती नव्हे हे त्यांना आधीच सांगून ठेवावे.

पिअर्सनवर अमेरिकेचे इमिग्रेशन टोरोंटोतच होते. त्यामुळे फोर्ट लॉडरडेलला उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशाप्रमाणे थेट बाहेर पडता येते, मात्र सगळी रांग आधी इथे लावावी लागते, आणि वडीलधाऱ्यांच्या बोटांचे ठसे, प्रश्नोत्तरे यांना वेळ लागतो. तीन तास आधी पोहोचावे. पोर्ट एव्हरग्लेड्स हे बंदर फोर्ट लॉडरडेलच्या विमानतळापासून अगदी काही मिनिटांवर आहे. याच जवळिकीमुळे लोकांना वाटते की त्याच दिवशी जमेल. अडचण उत्तरेच्या टोकाला असते, दक्षिणेच्या नव्हे.

बफेलोबद्दल : वाचलेले पैसे एका रात्रीच्या हॉटेलात जातील असे धरूनच विचार करावा. ईरी सरोवरावरून येणारे वारे पाण्याची वाफ उचलून किनाऱ्यावर बर्फ टाकतात, आणि एका अरुंद पट्ट्यात काही तासांत कमरेएवढा बर्फ साचू शकतो. फेब्रुवारीत सरोवर गोठले की हा जोर ओसरतो, पण ते गोठेलच असे नाही. त्यात पुलावरची सीमा ओलांडणेही आले.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आपल्या पत्रात नाही, तो परतीचा आहे. आईवडिलांचा कॅनडाचा व्हिसा एका प्रवेशाचा आहे की अनेक, हे आजच पाहावे. एका प्रवेशाच्या व्हिसावर आलेला पाहुणा फक्त अमेरिकेत (किंवा सेंट पियर व मिकलों या फ्रेंच बेटांवर) जाऊन थेट परत आला तर, मुक्कामाची मुदत शिल्लक असल्यास, त्याला नवा व्हिसा लागत नाही. आपले जहाज मात्र बहामा व मेक्सिकोला लागणार आहे, त्यामुळे या सवलतीवर विसंबता येणार नाही. व्हिसा अनेक प्रवेशांचा असेल तर हा प्रश्नच उरत नाही. बहामा व मेक्सिकोत उतरण्यासाठी भारतीय पारपत्रधारकांनी काय दाखवायचे, हेही क्रूझ कंपनीकडून लेखी घ्यावे, कारण कागद अपुरे असतील तर कंपनी जहाजावर चढूच देत नाही.

आता कोट. उणे पंधरात घरातून नुसत्या स्वेटरवर निघू नये, गाडी वाटेत बंद पडू शकते. पिसांची पातळ जाकिटे, जी स्वतःच्याच खिशात कोंबून उशीएवढी होतात, ती दोघांसाठी घ्यावीत. आत लोकरी बनियन, वर जाकीट, कानटोपी खिशात. विमानात त्याच जाकिटाची उशी करावी. जाड कोट आणि बर्फाचे बूट गाडीच्या डिकीत राहू द्यावेत, म्हणजे परतीच्या रात्री पार्किंगमध्ये पोहोचताच मिळतील. आईंना नऊवारी किंवा साडी नेसून प्रवास करायचा असेल तर आत उबदार लेगिंग घालावे आणि चपला हातातल्या बॅगेत ठेवाव्यात. फ्लोरिडात उतरल्यावर पहिल्या पाच मिनिटांत त्या लागतील.

प्रश्न : जहाजावर चढल्याबरोबर खोलीत जाऊन झोपता येते का?
— एक वाचक, कोल्हापूर

बहुधा नाही. खोल्या साधारण दुपारी उघडतात आणि धक्क्यावर दिलेले मोठे सामान संध्याकाळपर्यंत दारात येते, म्हणून औषधे, चष्मा, एक जोडी कपडे आणि कागदपत्रे हातातल्या पिशवीत असावीत. क्रूझ कंपनीचे सामानाचे चिठ्ठे घरी छापून ठेवावेत, पण बॅगांना ते विमानातून उतरल्यावर लावावेत, नाहीतर पट्ट्यावर फाटून जातात.

खोली मिळाली तरी झोपण्याआधी सुरक्षेची कवायत करावी लागते : आपले एकत्र जमण्याचे ठिकाण कोणते, जीवरक्षक जाकीट कसे बांधायचे, धोक्याचा भोंगा कसा वाजतो. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिलिओ बेटाजवळ कोस्टा काँकॉर्डिया हे जहाज खडकावर आदळले आणि ३२ जण मृत्युमुखी पडले. त्याच संध्याकाळी चिविताव्हेकिया बंदरात चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालेली नव्हती, कारण त्या वेळच्या नियमाप्रमाणे चोवीस तासांची मुभा होती. १ जानेवारी २०१५ पासून ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घेणे आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक आहे. अर्धा तास जातो. त्यानंतर खुशाल झोपावे, रात्रीचे जेवण उशिरापर्यंत मिळते.